नावाला ओ

माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीने मला 'अहो' म्हटलं, तेव्हा ती चेष्टा करते आहे असंच मला वाटलं. आमच्या घरात चेष्टेचा मक्ता तिच्याकडेच होता.

गुडघ्याचं ऑपरेशन करून, पुण्याला मावसभावाकडे दोन-अडीच महिने लोळून मी नुकतीच कराडला परतले होते. घरी बॅग टाकली आणि काठी टेकत थेट बकुळकडे गेले. दार तिनेच उघडलं. तोच घट्ट अंबाडा, तीच मान एका बाजूला कलती करून बघायची सवय.

"या ना, बसा," ती म्हणाली. "हे बँकेत गेलेत, येतीलच इतक्यात. पाणी आणू की सरबत घ्याल?"

"सरबत आण. आणि साखर घालताना हात आखडू नकोस," मी म्हणाले.

ती हसली. पाहुण्यांच्या विनोदाला हसावं तेवढंच हसली. मग ग्लास माझ्यापुढे ठेवून, पदर सावरून समोर बसली. "माफ करा हं, माझा विसरभोळेपणा जरा वाढलाय. आपण यांच्या नात्यातल्या का?"

मला राग लवकर येतो. पस्तीस वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवल्याचा तो परिणाम असावा. "बकुळ, पुरे झाला हं वात्रटपणा," मी आवाज चढवून म्हणाले.

तिने मागे वळून पाहिलं. खोलीत आणखी कोणी आहे का, ते ती बघत होती.

मकरंदराव, म्हणजे तिचा नवरा, घरी आले तोवर मी सरबताला हातही लावला नव्हता. माणूस भला आहे, एवढं आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांना पुष्कळ बोलले आहे. ते मला गॅलरीत घेऊन गेले आणि दार ओढून घेतलं.

"आक्का, फोनवर कसं सांगणार होतो तुम्हाला? आजार पुढे गेलाय. दिवाळीपासून तिचं जुनं सगळं पुसत चाललंय. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, कधीतरी होणार असं."

"तुम्ही आठवता ना तिला?"

"मी आठवतो. घर आठवतं. माझ्या आईची पथ्यं, महाबळेश्वरच्या घाटात आमची गाडी बंद पडली ते, सगळं. फक्त..." त्यांनी माझ्याकडे पाहायचं टाळलं.

मी आत गेले आणि परीक्षा घ्यायला बसले. ती माझी जुनी खोड आहे. "तुमच्या लग्नातलं काय काय आठवतं हो?" मी विचारलं. मीही 'अहो'वर आले होते.

तिचा चेहरा खुलला. "तांदळाचं ताट! यांनी अंगठीने त्यात माझं नवं नाव लिहिलं, मृदुला. 'मृ' काढताना यांचा हात अडला आणि सगळ्या बायका हसायला लागल्या."

"आणि त्याआधी? सकाळी? मुंडावळ्या कोणी बांधल्या तुम्हाला?"

ती आठवत राहिली. कपाळावर आठ्या आल्या, मग ओशाळली. "ते नाही हो सांगता यायचं."

मुंडावळ्या मी बांधल्या होत्या. गाठ घट्ट बसली म्हणून तिने मला चिमटा काढला होता. सकाळचं काही नाही आणि दुपारचं ताट तांदळाच्या दाण्यांसकट शाबूत, हे मला पटेना. आजार सगळीकडून थोडं थोडं पुसतो. एका दिवसाच्या मधोमध रेघ मारून तो येत नाही. अशी रेघ यंत्र मारतं.

आता ते यंत्र काय ते सांगते. मेंदूच्या आतल्या बाजूला, कानांच्या पातळीवर, बोटाएवढा एक भाग असतो. दिवसभरात घडलेलं पक्कं करायचं आणि जुनं हवं तेव्हा शोधून काढायचं, हे त्याचं काम. बकुळचा तो भाग साठीच्या आसपास सुकायला लागला. पूर्वी अशा माणसाकडे नुसतं बघत बसावं लागायचं. आता कानामागे एक चपटी डबी बसवतात, लोक तिला 'सोबत' म्हणतात. मेंदूत उठणाऱ्या लहरींचे ती बारीक तुकडे करते, नेटवर्कवरून दूरच्या साठ्यात पाठवते आणि आठवायची वेळ आली की तेच तुकडे आणून मेंदूत पुन्हा उठवते. बकुळचा तो भाग अर्धामुर्धा चालू होता तेव्हाच तिचं जुनं आयुष्य वर्षभर खपून साठ्यात उतरवून घेतलं होतं. नंतर डोक्यातली मूळ प्रत सुकून गेली. म्हणजे माझी बहीण कराडला तिसऱ्या मजल्यावर बसलेली दिसायची खरी, पण ती राहत होती तीन गावांतल्या साठ्यांत, तीन प्रतींत.

लांबून आणलेलं सामान वाटेत बिघडू शकतं. म्हणून खुणा घालतात. इस्त्रीला कपडे देताना आपण मोजून देतो आणि परत घेताना मोजून घेतो, तशी पहिली खूण बेरजेची. तुकड्यातल्या आकड्यांवर एक ठरलेलं गणित करायचं, उत्तर शेपटीला बांधायचं, पोचल्यावर तेच गणित पुन्हा करून उत्तर जुळतं का ते बघायचं. वाटेत एक अक्षर बदललं तरी उत्तर चुकतं. मग तो तुकडा टाकून द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीतून आणायचा. पण कपडे मोजून बरोबर भरले आणि त्यातला एक शर्ट शेजारच्यांचा निघाला तर? तुकडा धडधाकट आहे, गणित जुळतंय, फक्त तो भलत्याच घरी गेलाय. ही चूक बेरजेने सापडत नाही. म्हणून दुसरी खूण जागेची आणि तिसरी मालकाची, धोबी कॉलरच्या आत शाईने करतो तशी. शिवाय तुकडा नीट पोचला की पलीकडून पोच येते. वर्गात मी त्या पोचेला 'ओ' म्हणायचे. हाक मारा, ओ आली की पुढचा तुकडा सोडा. या एका धड्यावरून मी इतक्या पोरांना नापास केलंय, की अजूनही बाजारात काही जण मला पाहून रस्ता बदलतात.

मध्यंतरी एका माणसाच्या डोक्यात दुसऱ्याची आठवण उतरली. वेष्टनावरचा मालकाचा आकडा चुकला होता, बाकी सगळं जुळत होतं. तो माणूस स्वतःला कधी न झालेल्या मुलीसाठी रडत राहिला, समजावून थांबेना. देशभर ओरड झाली आणि नियम कडक झाले. मालकाची खूण आता वेष्टनावरून घ्यायची नाही, आठवणीच्या आतूनच काढायची असं ठरलं. माणसाने स्वतःचं नाव ऐकलं की त्याच्या मेंदूत एक ठरावीक लहर उठते. झोपेतही उठते. तिची नक्कल करता येत नाही. आठवणीत ती लहर ज्या नावाला उठली असेल, ते नाव त्या आठवणीच्या मालकाचं. ज्या तुकड्यात नाव नसेल तो शेजारच्या तुकड्यांवरून ओळखायचा. आपल्याकडच्या इंजिनिअरांनी त्या लहरीलाही 'ओ' म्हणायला सुरुवात केली. नावाला दिलेली ओ.

बकुळच्या सोबतीवर मालकाचं नाव एकच होतं, मृदुला मकरंद माईणकर.

लग्नापर्यंत तिने बकुळ याच नावाला ओ दिली होती. आणि लग्नानंतर, आई-वडीलही गेल्यावर, अख्ख्या जगात तिला बकुळ म्हणणारं एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे मी. मी लग्न केलं नाही, त्यामुळे माझं एकच नाव आहे, हेमलता शेणोलीकर, आणि मृदुला म्हणायला मी पहिल्या दिवसापासून नकार दिला होता.

दोन दिवसांत आम्ही तिघं कोल्हापूरच्या साठा-केंद्रात गेलो. तिथे ऋतुजा खोत नावाची इंजिनिअर भेटली. तिशीची, चटपटीत, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. तिने पडदा आमच्याकडे वळवला.

"मॅडम, चूक कुठली दाखवू? चूकच नाही. बघा की, तिन्ही प्रती जुळताहेत. दिवाळीपासनं नव्या नियमानं झाडलोट चालू आहे, जुन्यापासून एकेक तुकडा तपासत आणलाय. यांच्यात एका परक्या बाईचे तुकडे निघाले, भरपूर. कोण बकुळ म्हणून. ते बाजूच्या कप्प्यात काढलेत."

"कोण बकुळ म्हणून?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बहिणीचं मनगट धरून वर उचललं. "ही बकुळ!"

"अहो, काय करताय?" बकुळने हात सोडवून घेतला आणि नवऱ्याच्या आड सरकली.

ऋतुजा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. मग खुर्चीत टेकली. "लग्नात नाव बदललं होय? अगदी पहिलं नाव?" तिचा आवाज खाली आला. "आमच्या पिढीत आता कुणी बदलत नाही, मॅडम. आणि नियम लिहिला बाहेरच्या देशात. तिथं बायका आडनाव बदलतात. पहिलं नावच नवं ठेवतात हे त्यांना कुणी सांगितलंच नसणार."

"मग आता सांग आणि दुसरं नाव लाव. जन्माचा दाखला आणलाय मी."

"कागद चालत नाही. बाहेरचं काहीच मानायचं नाही, असाच तर नियम आहे. माणसानं यंत्रापुढं बसायचं, आपण नाव उच्चारायचं. ओ उठली की नाव लागलं. मग कप्प्यातलं सगळं आपोआप परत."

लगेच बसवलं. मकरंदरावांनी "मृदुला" म्हटलं, पडद्यावर लहर ताठ उभी राहिली. मी "बकुळ" म्हटलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ती बसून राहिली. पडद्यावर काही हललं नाही. मी पुन्हा म्हटलं, मग ओरडून म्हटलं. ऋतुजाने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

ज्या आठवणींमुळे ओ उठली असती त्या कप्प्यात होत्या आणि कप्पा उघडायला ओ हवी होती. मधल्या कोणावरही विश्वास ठेवू नका, शेवटच्या टोकालाच विचारा, हे मीच जन्मभर शिकवत आले. शेवटचं टोक म्हणजे माझी बहीण. तिला विचारलं, तिने नाही म्हटलं. नियमात मला एकही खोट काढता येईना, त्यामुळे मी जास्तच चवताळले.

"मी नियम ठरवणाऱ्या समितीला लिहिते," ऋतुजा म्हणाली. "पण उत्तर यायला वर्ष तरी जाईल. आणि परक्याची आठवण ठेवणं गुन्हा आहे. मार्चएन्डला कप्पा पुसला जातो."

परतताना गाडीत मी मकरंदरावांना धारेवर धरलं. नाव बदलायची हौस कोणाची, 'म'ला 'म' जुळलं नसतं तर संसार मोडला असता का, सगळं विचारलं.

"आईची हौस," ते म्हणाले. "मला बकुळ आवडलं होतं, आक्का. पण तेव्हा मला कोण विचारत होतं?"

"तुम्ही तोंड उघडलं असतंत तर विचारलं असतं कोणीतरी!"

"अहो, यांना कशाला बोलताय?" मागच्या सीटवरून बकुळ म्हणाली. "आणि ही बकुळ आहे तरी कोण, एवढे भांडताय ते?"

त्यानंतर मी रोज दुपारी तिच्याकडे जायला लागले. फोटो नेले. ही तू, ही मी, हा आपला मोती, तुझी चप्पल पळवायचा तो. ती मन लावून ऐकायची. "म्हणजे मी बकुळ? गंमतच आहे," म्हणायची आणि माझ्या समाधानासाठी नावाला ओही द्यायची. एकदा तर, "आक्का म्हणायचे का मी तुम्हाला?" असं विचारून तिने ते म्हणूनही पाहिलं. घरी जाताना मी रस्त्यात एकटीच हसत होते.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं. "या ना, बसा. आपण यांच्या नात्यातल्या का?"

मीच मूर्ख. बकुळ हे नाव एकदा परकं ठरल्यावर, ज्या दुपारी त्या नावाने तिला हाक मारली गेली ती अख्खी दुपार यंत्राने परक्या बाईची म्हणून कप्प्यात टाकली होती. मी जितकं जीव तोडून शिकवावं तितकं ते पक्कं पुसलं जायचं. रोज नव्याने ओळख, रोज संध्याकाळी ती थोडी माझी व्हायची आणि सकाळी पाटी कोरी. त्या दिवसांत मी देवाला दिलेल्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

मग मला एक वाट सुचली. आठवण आणि सवय मेंदूत एका ठिकाणी राहत नाहीत. बकुळला काल काय झालं ते सांगता यायचं नाही, पण अंबाडा न बघता बांधता यायचा. सवयीला साठा लागत नाही, ती तुकड्यातुकड्यांनी कुठे जात-येत नाही. म्हटलं, नाव आठवणीत राहत नसेल तर सवयीत घालू. लहानपणी ती चिंचेच्या गोळ्यांसाठी जीव टाकायची. मी गोळ्यांचं पाकीट घेऊन जायला लागले. समजावणं बंद, फोटो बंद. दारात "बकुळ" म्हणायचं आणि तिच्या हातावर गोळी ठेवायची. स्वयंपाकघरात गेली की मागून "बकुळ", वळून पाहिलं की गोळी. मकरंदरावांना मी घरातून पिटाळून लावायचे, कारण मला लाज वाटायची.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फरक पडला. ती मला दारात ओळखत नव्हतीच, रोजचं "आपण कोण" चुकत नव्हतं. पण बकुळ म्हटलं की तिची मान वळायला लागली. पहिल्यांदा हळू, मग चटकन. मार्च लागला तेव्हा तर ती गॅलरीत कपडे वाळत घालत असताना मी हॉलमधून नुसतं पुटपुटले आणि ती हातातली साडी टाकून आत आली. मी तिला मिठी मारली. ती अवघडून उभी राहिली, पण मला त्याचं काही वाटलं नाही. मकरंदरावांना फोन करून म्हटलं, गाडी काढा, कोल्हापूरला जायचंय.

ऋतुजाने तिला पुन्हा यंत्रापुढे बसवलं. मकरंदराव दाराशी उभे होते, हात जोडलेले. मी मागे उभी राहिले, चेहरा दिसू नये म्हणून. दम घेतला.

"बकुळ."

ती झटकन वळली. चेहऱ्यावर हसू आलं. आणि तिने उजवा हात पुढे केला, तळवा वर.

पडद्यावर लहर उठली होती. "उठली!" मकरंदराव ओरडले. ऋतुजाने ती लहर मोठी करून पाहिली, मग 'मृदुला'ची लहर शेजारी ठेवली. मला चष्मा लावून बघायचीही गरज नव्हती. एक होती स्वतःचं नाव ऐकल्यावर उठते ती. दुसरी, आता काहीतरी मिळणार म्हणून उठते ती. खाऊच्या डब्याचं झाकण वाजल्यावर मांजराच्या डोक्यातही तीच उठते.

"ही ओ नाही, मॅडम," ऋतुजा हळू म्हणाली.

बकुळचा तळवा अजून पुढेच होता. मी पर्समधून गोळी काढून त्यावर ठेवली, नाहीतर ती तशीच उभी राहिली असती. तिला तिचं नाव परत द्यायला मी निघाले होते आणि शिकवलं काय, तर हात पसरायला. माझ्या हुशार, फटकळ, कोणापुढे न वाकणाऱ्या बहिणीला. मी तिथल्या बाकावर बसून ढसाढसा रडले आणि ती गोळी चघळत माझ्याकडे काळजीने बघत राहिली.

त्या संध्याकाळी कराडला पोचल्यावर मकरंदराव जिन्यात थांबले. "आक्का, रागवू नका. तुम्ही तिला मृदुला म्हणा. एवढंच करायचंय. मग तुमचं येणं राहील तिच्याजवळ. तुम्ही रोज येता आणि तिला पत्ताही नसतो, हे मला बघवत नाही."

"आणि बकुळ?"

"ती मलाही हवी होती," मकरंदराव एवढं म्हणाले आणि डोळे पुसत वर गेले. त्या दिवसापासून मी त्यांना बोलायचं सोडून दिलं.

मी जायचंही सोडलं. मार्चअखेरीला ऋतुजाचा फोन आला. तिने शेवटपर्यंत खटपट केली होती, वरच्यांशी भांडली होती. मी तिला विचारलं, पुसण्याआधी त्यातली एखादी तरी आठवण मला बघता येईल का, कुठलीही, मोती कुत्र्याची चालेल. ती म्हणाली, मालकाच्या परवानगीशिवाय नाही. दुपारनंतर मकरंदरावांच्या मोबाइलवर 'सोबत'च्या कंपनीचा संदेश आला, तो त्यांनी मला पुढे पाठवला. तुमच्या साठ्याची तपासणी पूर्ण झाली आहे, एकही परका तुकडा शिल्लक नाही, साठा शंभर टक्के शुद्ध आहे.

पुढचे काही दिवस मी घराबाहेर पडले नाही. डोक्यात भलतंच एक घोळत होतं. आमचे वडील गेले त्या दिवशी चुलीवर भाजी तशीच करपली होती. बकुळ म्हणायची ती शेपूची होती, मी म्हणायचे मेथीची. आयुष्यभर वाद घातला, दर दिवाळीला घातला, ऐकणारे कंटाळले. मी वर्गात सांगायचे की दोन प्रती असतील तर निदान काहीतरी चुकलंय एवढं कळतं; एकच प्रत उरली की तेही कळत नाही. आता आमच्या लहानपणाची एकच प्रत होती, माझी, आणि माझं वय सत्तरीच्या पुढे. आई कशी हसायची, वडिलांची सायकल कुठल्या रंगाची, यातलं मी मनाने काय काय बदलून ठेवलंय हे मला सांगणारं कोणी राहिलं नाही. मी काहीही म्हणेन आणि ते तसंच होतं असं ठरेल. मेथी म्हटलं की मेथी. वाद जिंकल्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

एप्रिलमध्ये एका दुपारी उठले आणि गेले. एकटेपणा सोसवेना, हे खरं कारण. बेल दाबली. ती समोर आली, मान कलती करून बघायला लागली.

"मृदुला," मी म्हणाले.

इतक्या वर्षांत हे नाव माझ्या तोंडून कधी आलं नव्हतं. मला स्वतःचीच लाज वाटली.

"हो, मीच. आपण?"

"मी हेमलता. मकरंदरावांच्या ओळखीची, इथे मागच्याच गल्लीत राहते. एकटीच असते. म्हटलं, मृदुला घरी असेल तर गप्पा माराव्यात."

"या की! मलाही दिवसभर बोलायला कोणी नसतं." तिने मनापासून दार उघडलं. चहा केला, साखर कमी घातली. मी विमा विकायला आलेल्या माणसासारखी दर वाक्यात मृदुला, मृदुला करत होते, कुठला तुकडा निसटू नये म्हणून. ती महाबळेश्वरच्या घाटाबद्दल सांगत होती. मी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकत होते.

मग तिने विचारलं, "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"कोणी नाही. एक बहीण होती, धाकटी."

"होती म्हणजे?"

काहीतरी थाप मारायचा विचार माझ्या मनात आला. पण खरं उत्तर तोंडाशी आलंच होतं. "गेली," मी म्हणाले. "मार्चअखेरीला."

तिने कप खाली ठेवला. उठून माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "फार वाईट झालं हो. पटायचं का दोघींचं?"

"सारख्या भांडायचो."

"म्हणजे पटायचं," ती म्हणाली.

मग माझा बांध फुटला. माझ्या बहिणीच्या खांद्यावर डोकं ठेवून मी माझ्या बहिणीसाठी रडले. "रडा, मोकळ्या व्हा," ती म्हणत राहिली आणि माझे केस मागे सारत राहिली. निघताना तिने मला जिन्यापर्यंत सोडलं आणि उद्या नक्की या, असं दोनदा बजावलं.

दुसऱ्या दिवशी मी जिना चढत होते, तर बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं. ती माझी वाट बघत उभी होती.

"या, हेमलताताई," तिने माझा हात धरला. "रात्रभर मी तुमच्या बहिणीचाच विचार करत होते."